हसविणारी स्त्री



चर्चगेटहून निघालेली लोकल बोरीवली मागे टाकून दहिसरास येते, तेव्हा मुंबई महानगराची उत्तरेकडील हद्द जवळ आलेली असते. या दहिसरातच, आमच्या इमारतीच्या आवारात, एका संध्याकाळी चार वडीलधारी मंडळी बसली होती आणि गोष्ट निघाली ती पोट धरून हसविणाऱ्या नटांची. नावांची नुसती झड लागली. दामूअण्णा मालवणकर झाले, राजा गोसावी झाले, शरद तळवलकर झाले, दादा कोंडके झाले. हिंदीकडे वळल्यावर जॉनी वॉकर आणि मेहमूद झाले. जवळच भाजी निवडीत बसलेल्या एका आजींनी हे सारे ऐकून घेतले आणि मग शांतपणे विचारले, "अहो, आणि बायका? आम्हांला कुणा बाईने कधी हसविलेच नाही का?"

मंडळी क्षणभर गप्प झाली. एकाने टुणटुणचे नाव घेतले. दुसरा म्हणाला, "ती हो, ती मेहमूदबरोबर असायची ती!" पण तिचे नाव मात्र कोणासही आठवेना. ते नाव शुभा खोटे. त्या संध्याकाळच्या विस्मरणाने जो प्रश्न उभा केला, त्याचाच विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. हसविणाऱ्या पुरुषाचे नाव आपण जन्मभर जपतो आणि हसविणारी स्त्री मात्र 'अमक्याबरोबर असायची ती' एवढीच आपल्या स्मरणात का राहते?

या प्रश्नाचे मूळ फार खोल आहे. आपल्या भाषेतच पाहा. 'विदूषक' हा शब्द आपणांस संस्कृत नाटकांपासून लाभलेला आहे. परंतु त्याचे सरळ स्त्रीलिंगी रूप मराठीत रूढ झालेले नाही. 'विदूषकी' म्हटले, तर त्याचा अर्थ विदूषकाचे चाळे असा होतो. हसविणारी बाई असा होत नाही. तमाशातील गणगौळण आठवा. पेंद्या थट्टा करतो, कृष्ण वाट अडवितो आणि गौळणींची कड घेऊन भांडावयास येते ती मावशी. सगळ्या गौळणीत खरी विनोदाची खाण हीच. पण ही मावशी परंपरेने पुरुषच रंगवीत आला. गौळणी बायका, नाचणाऱ्या बायका, गाणाऱ्या बायका. फक्त हसविणारी बाई तेवढी पुरुष!

चित्रपटाचा इतिहास याहून वेगळे काही सांगत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका साळुंके नावाच्या तरुणाने केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या आणि कोंडी फुटली. पुढे १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट निघाला. कथा तीच, हरिश्चंद्राचीच. पण तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील एका सुनेने बोलपटात राणी व्हावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. एकोणीस वर्षांत तारामतीची भूमिका पुरुषाकडून स्त्रीकडे आली. मावशीची भूमिका मात्र तशी आली नाही.

असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण असे की, रडणाऱ्या स्त्रीची प्रतिष्ठा समाज काढून घेत नाही, उलट वाढवितो. तारामती स्मशानात उभी राहिली तरी राणीच राहते. परंतु जी स्त्री लोकांना हसविते, तिला आपला तोल, आपले रूप, आपला आब हे सर्व घटकाभर बाजूस ठेवावे लागते. तोंड वेडेवाकडे करावे लागते, फजीत व्हावे लागते, पडावे लागते. पुरुष पडला तर तो विनोद. स्त्री पडली तर ती बेअब्रू, अशी आपली जुनी समजूत. म्हणून गंभीर भूमिकेचे दार स्त्रीला आधी उघडले, आणि विनोदाचे दार फार उशिरा, तेही अर्धेच उघडले.

त्या अर्ध्या दारातून प्रथम आल्या त्या उमादेवी, म्हणजेच आपल्या टुणटुण. १९४७ सालच्या 'दर्द' चित्रपटातील त्यांच्या गायनाने देश वेडावला होता. पुढे १९५० सालच्या 'बाबुल'पासून त्या विनोदी भूमिकांकडे वळल्या. त्यांच्याजवळ बोलण्याची उत्तम हातोटी होती. परंतु लेखकांनी त्यांच्यासाठी जे विनोद लिहिले, ते बहुतेक त्यांच्या स्थूल देहाकडे बोट दाखविणारे होते. बाई पडद्यावर आली की हशा. तिने काही करावयाची आवश्यकताच नाही! हसविणारी स्त्री आली खरी, पण ती हसविण्याचा विषय म्हणून आली. हशाची सूत्रे तिच्या हाती फारशी दिली गेली नाहीत.

या पार्श्वभूमीवर शुभा खोटे यांची कारकीर्द पाहावयास हवी.

त्यांचा जन्म १९३७ सालचा. वडील नंदू खोटे हे रंगभूमीवरील नट. दुर्गा खोटे या त्यांच्या घरातीलच, नात्याने शुभाबाईंच्या काकू. धाकटे बंधू विजू खोटे. 'शोले'तील कालिया म्हणून ज्यांना साऱ्या हिंदुस्थानाने ओळखले, ते हेच. अशा घरात अभिनय हा नवलाचा विषय नव्हे. शुभाबाई बालपणीच रंगभूमीवर आल्या. परंतु त्यांची पहिली कीर्ती नाटकाची नव्हती. पोहणे आणि सायकल चालविणे या दोन खेळांत १९५२ पासून सलग तीन वर्षे त्यांनी स्त्रियांमधील अजिंक्यपद मिळविले होते. विल्सन महाविद्यालयातून इंग्रजी वाङ्मय घेऊन त्या पदवीधर झाल्या.

ही खेळाची गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे. विनोदी अभिनयाला लोक वाचेची कला समजतात. वस्तुतः ती प्रथम देहाची आणि वेळेची कला आहे. सायकलस्वाराला तोल कळावा लागतो, पोहणाऱ्याला श्वास केव्हा घ्यावा हे कळावे लागते. विनोदी वाक्य अर्धा क्षण आधी उच्चारले तर फुकट जाते आणि अर्धा क्षण उशिरा उच्चारले तर शिळे होते. ज्याच्या अंगी ही वेळ साधण्याची शक्ती असते, त्याला तोंड वेडेवाकडे करण्याची फारशी गरज पडत नाही. शुभाबाईंचा विनोद पाहताना चपळाई जाणवते, धसमुसळेपणा जाणवत नाही, त्याचे बीज मला तरी या तालमीत दिसते.

१९५५ साली अमिय चक्रवर्ती यांचा 'सीमा' प्रदर्शित झाला. नूतन आणि बलराज साहनी यांच्या या गंभीर चित्रपटात, अनाथ स्त्रियांच्या आश्रमातील पुतळी या मुलीची भूमिका शुभाबाईंनी केली. तो त्यांचा पहिला चित्रपट. १९५७ साल त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. त्या वर्षी गोरेगावच्या फिल्मिस्तान संस्थेचा 'पेइंग गेस्ट' आला. त्यातील चंचल ही श्रीमंतीच्या मोहाने वयस्क वकिलाशी लग्न करून बसलेली आणि मग मैत्रिणीच्या सुखाकडे हावऱ्या डोळ्यांनी पाहणारी तरुणी. विशीतल्या मुलीने अशी काळी छटा असलेली भूमिका पत्करणे हे धाडसच होते. त्याच वर्षी अमिय चक्रवर्ती यांचाच 'देख कबीरा रोया' आला. तीन तरुणी, तीन तरुण, आणि कोण कोणत्या कलेत प्रवीण याविषयीचा गोड गोंधळ. अनिता गुहा आणि अमिता यांच्या बरोबरीने शुभाबाई या चित्रपटात तीन नायिकांपैकी एक होत्या.

तेव्हा १९५७ अखेर स्थिती काय होती पाहा. गंभीर भूमिका झाली, खल छटेची झाली, हलक्याफुलक्या नायिकेचीही झाली. एखाद्या पुरुष नटाला अशा वेळी 'अष्टपैलू' हे विशेषण मिळाले असते. त्याच वर्षी बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरीपासून वाढवून दहिसरापर्यंत नेण्यात आली. मालाडचे बॉम्बे टॉकीज, गोरेगावचे फिल्मिस्तान ही मंडळी आमच्या आगगाडीच्या मार्गावरचीच. म्हणजे ज्या उपनगरांत चित्रपट तयार होत होते, त्याच उपनगरांत त्यांचा नवा प्रेक्षकही वस्तीस येऊ लागला होता. या नोकरदार, कष्टाळू प्रेक्षकाला तीन तासांच्या करुण कथेत विसाव्याची जागा हवी होती. हिंदी चित्रपटाने ती निर्माण केली. आणि त्या जागेत शुभा खोटे यांना नेऊन बसविले.

१९५९ सालच्या 'छोटी बहन'मध्ये मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ हे तिघे होते. मग 'ससुराल', 'दिल तेरा दीवाना', 'हमराही', 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो' अशी १९६६ पर्यंत मालिकाच लागली. यांतील बहुतेकांची विनोदी उपकथा एकाच साच्याची: मुलगी लाडकी, प्रियकर उचापती, आणि मराठी रंगभूमीवरून आलेले आपले धुमाळ मुलीवर पहारा करणारे बाप. मुख्य कथेत नायक-नायिका विरहाने व्याकूळ होत असता, शेजारी हीच प्रेमकथा उलटी करून दाखविलेली असे. प्रेक्षक एकीकडे डोळे पुशी आणि दुसरीकडे हसे.

या त्रिकुटात शुभाबाईंचे काम काय होते? वरवर पाहता सर्वांत सोपे. वस्तुतः सर्वांत कठीण. मेहमूद उधळत, वेष बदलीत, बोली बदलीत, आयत्या वेळी काहीही करीत. धुमाळ चिडत. या दोन टोकांच्या मधोमध कोणीतरी शुद्धीवर राहिले नाही, तर विनोदाचा नुसता गोंगाट होतो. तबला कितीही घुमला तरी लेहरा धरणारा चुकला तर सारी मैफल कोसळते. शुभाबाई तो लेहरा धरीत. त्यांचा चेहरा गंभीर राही, प्रश्न साळसूद असे, आणि मेहमूदच्या हशाला पायरी त्या साळसूदपणाची असे. शिवाय एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने जपली असे मला वाटते. त्यांची नायिका देखणी होती, नीटनेटकी होती, प्रेम करण्यास योग्य होती. स्त्री विनोदी असण्यासाठी ती कुरूप किंवा बेडौल असावी लागते, हा समज या चित्रपटांनी मोडून काढला.

आता श्रेयाचा हिशेब पाहू. १९६१ सालच्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरची जी पारितोषिके दिली गेली, त्यांत सहाय्यक अभिनेत्रीच्या विभागात शुभा खोटे यांना एक नव्हे, दोन नामांकने होती: 'घराना'साठी आणि 'ससुराल'साठी. पारितोषिक मिळाले ते 'छाया'तील सोशिक आईच्या भूमिकेसाठी निरुपा रॉय यांना. निरुपाबाईंच्या गुणांविषयी शंका नाही. पण तराजूच्या एका पारड्यात अश्रू आणि दुसऱ्यात हशा असला म्हणजे पारडे कोणीकडे झुकते, ते यातून कळते. पुढल्या वर्षीच्या 'दिल तेरा दीवाना'साठी मेहमूद यांना सहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. त्या चित्रपटातील त्यांच्या जोडीदार शुभा खोटेच होत्या. विनोदी भूमिकेसाठी निराळे पारितोषिक १९६७ साली सुरू झाले आणि तेही प्रथम मेहमूद यांनाच लाभले. तोवर ही जोडी मागे पडली होती.

यात मेहमूद यांचा काही दोष नाही. तो माणूस असामान्यच होता. दोष आहे तो आपल्या पाहण्याचा. जोडीने केलेल्या विनोदात जो मोठ्याने बोलतो त्याचा विनोद, आणि जो त्याला बोलू देतो तो नुसता सोबती, असे आपण धरून चालतो. स्वयंपाकघरात ज्या बाईने फोडणी वेळेवर दिली, तिचे नाव पंक्तीत कोणी घेत नाही, तसेच हे.

त्यानंतरच्या काळात शुभाबाईंनी रंगभूमीवर काम केले आणि चित्रपटांत आईच्या, नातलगांच्या भूमिका केल्या. १९८१ सालच्या 'एक दूजे के लिए'मध्ये नायिका सपना हिच्या कठोर आईच्या रूपाने त्या आल्या, तेव्हा ज्यांनी त्यांना साठीच्या दशकात पाहिले होते ते चकित झाले. जिने प्रेमिकांना हसतमुखाने जागा करून दिली, तीच आता प्रेमाच्या वाटेत उभी! चित्रपटाच्या रूढीप्रमाणे अभिनेत्रीची कथा येथेच संपावयाची: नायिका, मग आई, मग शून्य. पण या वेळेपर्यंत एक नवे साधन घराघरांत येऊन बसले होते.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीच्या त्या दिवसांत उपनगरातल्या इमारतीत एखाद्याच घरी संच असे आणि संध्याकाळी त्या घराची खोली शेजाऱ्यांनी भरून जाई. चित्रपटगृहातला हशा अंधारातला आणि अनोळखी माणसांतला. हा हशा उजेडातला आणि घरच्या माणसांतला. साहजिकच याला वेगळ्या प्रकारचा विनोद लागू लागला. येथे तीन तासांची करुण कथा नव्हती, म्हणून तिच्या कडेला बसविलेली विनोदी जोडीही नको होती. येथे घर हवे होते, चाळ हवी होती, वर्ग हवा होता. आणि घर म्हटले की स्त्रीला कडेला बसवून चालत नाही.

याचा पुरावा खोटे घराण्यानेच दिला. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' ही मालिका आली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दुर्गा खोटे यांच्या निर्मितिसंस्थेची. अंजन श्रीवास्तव वागले झाले, आणि त्यांची पत्नी राधिका झाल्या त्या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या भारती आचरेकर. राधिका ही वागलेच्या विनोदाची सोबतीण नव्हे, भागीदारीण होती. कित्येकदा हशा तिच्या नुसत्या पाहण्यावर येई. ज्या दुर्गाबाईंनी पुरुषाकडे गेलेली तारामती स्त्रीकडे परत आणली, त्यांच्याच नावाच्या संस्थेने उतारवयात विनोदातही स्त्रीचे पारडे समान केले, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आणि मग १९९३ साली मेट्रो वाहिनीवर 'जबान संभाल के' आली. एका ब्रिटिश मालिकेवरून घेतलेली कल्पना: तेथे परदेशी लोक इंग्रजी शिकतात, येथे नानाविध लोक हिंदी शिकतात. मोहन भारती हे शिक्षक पंकज कपूर यांनी रंगविले. वर्गात देशविदेशांतील विद्यार्थी. विजू खोटे आपले मराठी वळणाचे हिंदी घेऊन त्यांच्यातच बसलेले. शुभाबाईंची कन्या भावना बलसावर याच मालिकेत होत्या. आणि या भाषासंस्थेच्या प्रमुख, मिस दीक्षित, होत्या स्वतः शुभा खोटे. आई, मुलगी आणि मामा एकाच वर्गाभोवती जमलेले!

मिस दीक्षित यांचा विनोद कशातून निघतो ते पाहण्यासारखे आहे. त्या कोणाची प्रेयसी नाहीत, कोणाची आई नाहीत, कोणाच्या जोडीदार नाहीत. त्यांच्या हाती अधिकार आहे. वर्गात भाषेचा पार चेंदामेंदा झालेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी बाई दारात उभ्या राहतात. त्या ओरडत नाहीत, थांबतात. तेच ते क्षणाचे गणित, तोच गंभीर चेहरा, तोच लेहरा. फरक इतकाच की, आता सारा गोंधळ त्यांच्या येण्याच्या भीतीभोवती फिरतो. तीस वर्षांपूर्वी जी दुसऱ्याच्या विनोदाची पायरी होती, तिच्याच पायरीशी आता इतरांचा विनोद उभा होता. त्यांची कला नवी झाली नव्हती. बसावयाची जागा तेवढी बदलली होती.

शुभा खोटे यांच्यानंतर आणि त्यांच्याबरोबरही कितीतरी मराठी अभिनेत्रींनी दूरदर्शनच्या आणि चित्रपटांच्या पडद्यावर लोकांना हसविले. आज विनोदी स्त्री हे नवल राहिलेले नाही. पण म्हणूनच ज्यांनी हे नवल आपल्या अंगावर झेलले, त्यांचा हिशेब नीट मांडून ठेवला पाहिजे. इतिहासात राजे-राण्यांच्या नोंदी असतात. हशाची नोंद ठेवण्याची आपल्याला सवय नाही. ज्यांनी हसविले त्यांचे आपण देणे लागत नाही, असे मानणे मोठे कृतघ्नपणाचे होईल.

त्या संध्याकाळी आवारातून उठण्यापूर्वी मला ते नाव आठवले, आणि मी आजींना सांगितले, "शुभा खोटे." त्यांनी कपाळाला आठ्या घालून जरा विचार केला. मेहमूदचे मी काही बोलणार, तोच त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्या दीक्षितबाई! शाळेच्या मुख्य!" त्या म्हणाल्या, आणि निवडलेल्या भाजीची परात मांडीवरच ठेवून, वर्गाच्या दारात मिस दीक्षित जशा उभ्या राहत तशी मान ताठ करून त्यांनी आम्हां चौघांकडे पाहिले.

आम्ही सगळे हसलो. एका बाईने दुसऱ्या बाईची नक्कल करून चार पुरुषांना हसविले होते.